शेंद्र्याला स्पीच थेरपिस्ट कुठून मिळणार?

समजा, शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा अडीच वर्षांचा झाला आहे आणि ‘आई’, ‘पाणी’ अशा चार-पाच शब्दांपलीकडे काही बोलत नाही. आजी म्हणते, ‘त्याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. बोलेल आपोआप.’ अंगणवाडीताई म्हणतात, ‘एकदा दाखवून तर या.’ बालरोगतज्ज्ञ मुलाला तपासतात, कानांची तपासणी करून घ्यायला सांगतात आणि चिठ्ठीच्या शेवटी दोन शब्द लिहितात : स्पीच थेरपी.

इथपर्यंतची वाट आता बऱ्याच कुटुंबांना सापडते. खरी अडचण त्या दोन शब्दांनंतर सुरू होते. ही थेरपी म्हणजे एकदा घ्यायची गोळी नव्हे. आठवड्यातून दोनदा, कित्येक महिने मुलाला घेऊन जालना रोडने शहरात जायचं, म्हणजे दर वेळी कुणाची तरी पाळी बुडते. तिथं पोहोचल्यावर ‘पुढच्या महिन्यात नंबर लागेल’ असं उत्तर मिळालं तर चार फेऱ्यांनंतर आजीचंच म्हणणं खरं वाटायला लागतं.

थेरपिस्ट कमी आहेत, हे सगळेच म्हणतात. ते कमी का आहेत आणि वाढायचे तर नेमके कुठून वाढतील, याची चर्चा फारशी होत नाही. त्याचं उत्तर एका अशा ठिकाणी दडलेलं आहे, ज्याकडे शेंद्र्यातल्या आईवडिलांचं लक्ष जायचं काही कारण नाही : या विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशाची रांग. त्या रांगेत आज किती विद्यार्थी उभे राहतात आणि किती आत जातात, यावर आणखी सहा-आठ वर्षांनी मराठवाड्यातल्या मुलांना थेरपिस्ट मिळणार की नाही, हे ठरतं.

बोबडेपणापुरतं काम नाही

स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबडं बोलणाऱ्या मुलांना ‘र’ म्हणायला शिकवणारे, असा एक समज आहे. त्यांच्या कामाचा तो एक छोटा भाग. या शास्त्राचं पूर्ण नाव स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. वाचा, भाषा, आवाज, बोलण्याचा ओघ आणि गिळणं या सगळ्यांचे विकार त्यात येतात. भाषा उशिरा येणारी मुलं, स्वमग्न मुलं, ऐकू न येणारी मुलं, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुलं, तोतरेपणा असलेले तरुण, आवाज बसलेले शिक्षक आणि कीर्तनकार, पार्किन्सनचे रुग्ण हे सगळे त्यांच्याकडे येतात.

लकव्याचं उदाहरण घ्या. मेंदूचा झटका आलेल्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला भाषेचा त्रास होतो. माणसाला सगळं आठवत असतं, पण शब्द सापडत नाहीत, किंवा समोरच्याचं बोलणं उमगत नाही. याला अफेजिया म्हणतात. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. प्रत्यक्षात बुद्धी बरीचशी शाबूत असते, शब्दांपर्यंतचा रस्ता तुटलेला असतो. त्याच रुग्णाला पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला काय, किती घट्ट आणि कोणत्या स्थितीत बसवून भरवायचं, हे ठरवण्याचं कामही याच तज्ज्ञांचं.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २० लाख लोकांच्या नावापुढे वाचेचं आणि सुमारे ५१ लाख लोकांच्या नावापुढे ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलं गेलं. वाचेच्या नोंदींपैकी सुमारे ४ लाख ७३ हजार एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. उशिरा बोलणारी मुलं, तोतरेपणा, गिळण्याचे त्रास यातलं बरंच काही अशा मोजणीत येतच नाही. म्हणजे प्रत्यक्ष गरज या आकड्यांहून मोठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांच्या यादीत वाचा आणि भाषा दोष, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र स्थान दिलं. हक्क मिळाला. तो वापरायला माणूस लागतो.

वीस मुलांचं गणित

एक साधा हिशेब करून पाहू. एका थेरपिस्टने दिवसाला आठ सत्रं घेतली, आठवड्याचे पाच दिवस काम केलं, तर चाळीस सत्रं होतात. प्रत्येक मुलाला आठवड्याला दोन सत्रं द्यायची तर एका वेळी वीस मुलं. नोंदी, नव्या रुग्णांची तपासणी, पालकांशी बोलणं, रुग्णालयातल्या वॉर्डात जाणं हे धरलं तर त्याहूनही कमी.

आता दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर इथं सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. तपासायच्या आजार-दोषांत बहिरेपणा, दुभंगलेले ओठ-टाळू, भाषा उशिरा येणं, स्वमग्नता हे सगळं आहे. सापडलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं. केंद्राच्या मार्गदर्शक रचनेत ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांचं मिळून एकच पद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख होती.

एक पद आणि वीस मुलं. बाकीच्यांनी खाजगी दवाखाना गाठायचा किंवा वाट पाहायची. मुलाच्या भाषेच्या बाबतीत वाट पाहणं महागात पडतं. पहिल्या तीन वर्षांत मेंदू भाषेसाठी जितका तयार असतो तितका नंतर नसतो. विशेषतः जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एकेक महिना मोलाचा असतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते. पण इम्प्लांट कानापर्यंत आवाज पोहोचवतं, त्या आवाजाचा अर्थ लावायला मुलाला शिकवावं लागतं. ते शिकवणारा माणूस जवळ नसेल तर लाखोंचं यंत्र डोक्यावर असूनही मूल मागेच राहतं.

दार बारावीलाच ठरतं

थेरपिस्ट होण्याचा रस्ता आपल्याकडे बारावीपासून सुरू होतो. बारावीनंतर ‘बीएएसएलपी’ ही पदवी. एक वर्षाची इंटर्नशिप धरून चार वर्षं. महाराष्ट्रात या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्य सीईटी कक्षाच्या प्रक्रियेतून होतात. म्हणजे एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी यांच्या सोबतच. विद्यार्थी पसंतीक्रम भरतो तेव्हा हे नाव यादीत बरंच खाली असतं. अनेकांनी ते त्याच आठवड्यात पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

पदवी घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी केली की थेरपिस्ट म्हणून काम करता येतं. १९९२ च्या कायद्याने ही परिषद अस्तित्वात आली. तिच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यानंतर येते दोन वर्षांची एम.एस्सी. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्ष फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर परीक्षांबरोबर वेगळी प्रवेश परीक्षा घेतो. म्हैसूरची अखिल भारतीय वाणी आणि श्रवण संस्था स्वतःची परीक्षा घेते. अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया निराळी. काही संस्था वाचा-भाषा आणि ऑडिओलॉजी हे दोन्ही विषय एकत्र शिकवतात, काही ठिकाणी दोन स्वतंत्र पदव्या आहेत. पण सगळीकडे एक अट समान आहे : बीएएसएलपी किंवा तिच्याशी समकक्ष पदवी हवीच. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, विशेष शिक्षण शिकलेल्या विद्यार्थ्याला, मग तो कितीही हुशार असो, या वर्गात बसता येत नाही.

थोडक्यात, या विषयात मास्टर्स करायचं की नाही, हा निर्णय बाविसाव्या वर्षी घेतल्यासारखा दिसतो, पण खरं तर तो सतराव्या वर्षी, भौतिक-रसायन-जीवशास्त्राच्या गुणांवर होऊन गेलेला असतो.

अमेरिकेतली रांग वेगळी

अमेरिकेत याच्या उलट आहे, म्हणून तुलना उपयोगी पडते. तिथं या विषयातली पदवी घेऊन स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. मास्टर्स हेच व्यवसायाचं प्रवेशद्वार आहे. त्यामुळे सगळी गर्दी मास्टर्सच्या दारात होते. विद्यार्थी एका केंद्रीय अर्ज प्रणालीतून अनेक विद्यापीठांना अर्ज करतात. पदवीचे गुण, शिफारसपत्रं, प्रत्यक्ष अनुभव, निबंध सगळं पाहिलं जातं. प्रवेश मिळाल्यावर किमान ४०० तासांचं क्लिनिकल काम, त्यातले २५ तास निरीक्षणाचे. मग राष्ट्रीय परीक्षा आणि ३६ आठवड्यांची देखरेखीखालची उमेदवारी. त्यानंतर राष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र मिळतं.

मात्र तिथं इतर विषयांच्या पदवीधरांना दार बंद नाही. भाषाशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकलेली व्यक्ती पायाभूत विषय पूर्ण करून अर्ज करू शकते. इंग्लंडमध्येही इतर पदवीधरांसाठी दोन वर्षांचे मास्टर्स अभ्यासक्रम आहेत. तिशीत शिरलेली शिक्षिका, स्वमग्न मुलाची आई, भाषांची आवड असलेला पदवीधर असे लोक त्यातून या व्यवसायात येतात.

आपली पद्धत सगळीच चुकीची आहे असं नाही. पदवीवरच काम करता येत असल्यामुळे आपल्याला चार वर्षांत थेरपिस्ट मिळतो. अमेरिकेसारखी मास्टर्सची सक्ती इथं केली तर आहेत तेही कमी होतील. ‘मग पदव्युत्तर जागांची एवढी चर्चा कशाला? पदवीधर वाढवा की,’ असा प्रश्न कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. शेंद्र्यातल्या त्या अडीच वर्षांच्या मुलाला चांगला पदवीधर थेरपिस्ट पुरेसा आहे. पण पदवीधर वाढवणार कोण, इथं गाडी अडते.

जागा विद्यार्थ्यांच्या, तुटवडा शिक्षकांचा

बीएएसएलपीच्या वर्गात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी लागते. महाविद्यालयाला मान्यता हवी तर असे शिक्षक हवेत. पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करायचा तर आणखी अनुभवी शिक्षक हवेत. म्हणजे एम.एस्सी.च्या वर्गातली प्रत्येक जागा ही एका होऊ घातलेल्या शिक्षकाची जागा आहे. तिथं दहा विद्यार्थी बसले आणि त्यातले बरेचसे परदेशी किंवा महानगरातल्या खाजगी दवाखान्यांत गेले, तर नव्या महाविद्यालयांसाठी उरतात किती?

या विषयाचं शिक्षण आपल्याकडे १९६० च्या दशकात सुरू झालं. म्हैसूरची संस्था १९६५ ची. मुंबईत नायर रुग्णालय आणि त्याच्याशी जोडलेलं टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय हे तेव्हापासूनचं केंद्र. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय पुढे आलं. साठ वर्षं होत आली तरी मराठी विद्यार्थ्याने मास्टर्सचा विचार केला की तोंडात येणारी गावं हीच : मुंबई, पुणे, म्हैसूर. शेंद्र्याहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पुणे अडीचशे.

अंतर फक्त भाड्याचं नसतं. मुंबईत दोन वर्षं राहायचं, खोलीचं भाडं, मेस, कमाई नाही. करमाड किंवा शेंद्र्याकडच्या घरातली मुलगी चार वर्षांची पदवी कशीबशी पूर्ण करते तेव्हा घरात धाकटा भाऊ बारावीला असतो. पदवीवर नोकरी मिळते, मग आणखी दोन वर्षं कशाला, असं घरचे म्हणतात. त्यांचंही चूक नसतं. जी मुलं जातात ती मोठ्या शहरात रुळतात आणि बहुतेक तिथंच राहतात. ज्या भागात माणसं सर्वांत कमी, तिथून शिक्षक घडण्याची शक्यताही सर्वांत कमी. हे चक्र आपोआप सुटणारं नाही.

आणि वेळेचा हिशेब लक्षात घ्या. आज बारावी झालेली मुलगी या वाटेला लागली तर किमान सहा वर्षांनी मास्टर्स होईल. तिने शिकवलेली पहिली तुकडी आणखी चार वर्षांनी बाहेर पडेल. आज अडीच वर्षांचा असलेला मुलगा तोवर साडेबारा वर्षांचा झालेला असेल.

‘पानी’ म्हणणं हा दोष नव्हे

पदव्युत्तर शिक्षणाचा आणखी एक धागा आहे, त्याबद्दल क्वचितच बोललं जातं. तो आहे आपल्या भाषेचा.

मुलाचं बोलणं वयाच्या मानाने मागे आहे की नाही, हे ठरवायला मोजपट्टी लागते. इंग्रजीसाठी अशा चाचण्या भरपूर आहेत. पण इंग्रजीची मोजपट्टी मराठीला लावता येत नाही. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळं खाल्लं’ इथं खाणारा एकच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत हा प्रकारच नाही. आपल्या मुलांना हे कोणत्या वयात नीट जमायला हवं? ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळा उच्चारणं कधी पक्कं होतं? ‘ळ’ कधी येतो? याची उत्तरं मराठी मुलांचं बोलणं शेकड्याने नोंदवूनच मिळतात.

त्यातही मराठवाड्याचं बोलणं पुस्तकी नाही. इथं कितीतरी घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ‘गेलो होतो’चं ‘गेलतो’ होतं. ज्या मुलाच्या घरात सगळेच ‘पानी’ म्हणतात, त्याच्या ‘पानी’ला उच्चारदोष ठरवून ‘ण’ घोटून घेणं म्हणजे आजार नसताना औषध देणं. उलट, एखाद्या मुलाचा खरा दोष ‘गावाकडचं बोलणं आहे’ म्हणून सुटूनही जाऊ शकतो. हा फरक कळायला बोली माहीत असलेला तज्ज्ञ लागतो किंवा त्या बोलीवर झालेलं काम हाताशी लागतं.

शेंद्र्यात तर आणखी एक पदर आहे. औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कुटुंबं राहतात. मूल घरात भोजपुरी, गल्लीत हिंदी, अंगणवाडीत मराठी ऐकतं. ‘दोन-तीन भाषांमुळे गोंधळलं, म्हणून बोलत नाही,’ असं पालकांना सर्रास सांगितलं जातं. एकापेक्षा जास्त भाषा ऐकल्यामुळे भाषेचा विकार होत नाही, हे संशोधनाने पुरेसं स्पष्ट केलेलं आहे. खरी तपासणी म्हणजे सगळ्या भाषा मिळून मुलाकडे किती शब्द, किती समज आहे ते पाहणं.

हे मोजण्याचं, नोंदवण्याचं, नवी चाचणी तयार करून पडताळण्याचं काम बहुतेक करून एम.एस्सी.च्या प्रबंधांतून आणि पीएच.डी.तून होतं. म्हैसूरमध्ये कन्नड मुलांवर काम सहज होतं, कारण मुलं दाराशी आहेत. मराठवाड्यातल्या मुलांवर काम व्हायचं तर पदव्युत्तर वर्ग त्यांच्या जवळ हवा.

घाटीत काय आहे, काय नाही

पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी शिक्षक लागतात, तसेच रुग्णही लागतात. विद्यार्थ्याला तऱ्हेतऱ्हेचे रुग्ण पाहायला मिळाले नाहीत तर पदवी कागदी राहते. या बाबतीत छत्रपती संभाजीनगर गरीब नाही. घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. कान-नाक-घसा, बालरोग, नवजात शिशू, लकव्याचे रुग्ण हे सगळं एका आवारात आहे. शहरातलं शासकीय कर्करोग रुग्णालय राज्य कर्करोग संस्था म्हणून ओळखलं जातं. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग होऊन शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पुन्हा गिळायला शिकवणं, स्वरयंत्र काढलेल्याला नव्या पद्धतीने बोलतं करणं हे या शास्त्रातलं अवघड काम. त्यासाठी लागणारे रुग्ण इथं रोज येतात.

म्हणून काही गोष्टी करण्यासारख्या आहेत. शासकीय रुग्णालयाच्या आधाराने पदवी आणि मग पदव्युत्तर अभ्यासक्रम मराठवाड्यात उभा करण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा हवा. सुरुवातीला शिक्षक बाहेरून आणावे लागतील. त्यांना कंत्राटी, वर्षावर्षाने वाढवायची पदं दिली तर कुणी येणार नाही. मुंबईतल्या जागांवर शिकणाऱ्या मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांचं विद्यावेतन आणि परतल्यावर ठरलेलं पद मिळालं, तर त्यातले काही नक्की परततील. एमबीबीएसच्या डॉक्टरांवर ग्रामीण सेवेचं बंधन घालून पाहिलेलं आहे. पद आणि पगार नसेल तर नुसत्या बंधनाने माणूस टिकत नाही, हा त्याचा धडा.

इथं शेंद्र्याचा संबंध वेगळ्या अर्थाने येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. शेंद्रा आणि ऑरिकच्या पट्ट्यात अशा कंपन्या आहेत. शिबिर भरवून श्रवणयंत्रं वाटली की फोटो चांगला येतो. तेच यंत्र सहा महिन्यांनी कपाटात पडलेलं असतं, कारण ते जुळवून द्यायला आणि वापरायला शिकवायला कुणी नसतं. त्याच पैशात दरवर्षी चार-पाच विद्यार्थ्यांचं पदव्युत्तर शिक्षण होऊ शकेल.

आणखी एक दार उघडण्यासारखं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी भाषाशास्त्राचा जुना विभाग आहे, राज्यात मानसशास्त्राचे आणि विशेष शिक्षणाचे पदवीधर आहेत. त्यांच्यासाठी पायाभूत वर्षाची सोय करून या क्षेत्रात येण्याची वाट काढता येईल का, याचा विचार पुनर्वास परिषदेने करायला हवा. तोवर बारावीनंतरचा एक वर्षाचा ‘डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच’ घेतलेले सहायक तालुक्याच्या पातळीवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बरंच काम करू शकतात. म्हैसूरच्या संस्थेने हा डिप्लोमा व्हिडिओने जोडलेल्या दूरच्या केंद्रांतून चालवून दाखवलेला आहे.

प्रवेश घेणाऱ्यांनी काय पाहावं

ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांनी काही गोष्टी आधीच तपासाव्यात. संस्थेला आरसीआयची मान्यता आहे का, आणि ती त्याच अभ्यासक्रमाला, त्याच शैक्षणिक वर्षासाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावं. माहितीपत्रकावर विसंबू नये. इंटर्नशिप कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायला हवी, ही अट अनेकांचं वर्ष वाया घालवते. संस्थेच्या दवाखान्यात रोज किती आणि कोणत्या प्रकारचे रुग्ण येतात, लकव्याचे आणि गिळण्याच्या त्रासाचे रुग्ण पाहायला मिळतात का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावं. परीक्षेची तयारी करताना फक्त श्रवणशास्त्र आणि वाचादोष घोकून चालत नाही. ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, शरीररचना, संख्याशास्त्र यांतही गुण असतात. परदेशात जायचं असेल तर त्या देशाची नोंदणी भारतीय पदवीकडे कशी पाहते, ते मास्टर्स इथं करायचं की तिथं, हे ठरवण्यापूर्वी वाचावं.

आणि पालकांनी? वर्षाचं मूल नावाला वळून पाहत नसेल, दीड वर्षाचं एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर थांबू नये. पहिलं काम कानांची तपासणी. लहान मुलांसाठी ओएई आणि बेरा या तपासण्या असतात, त्यासाठी मुलाने बोलावं लागत नाही. थेरपिस्टकडे आरसीआयचा नोंदणी क्रमांक बेधडक मागावा. सत्र महिन्यातून दोनदाच मिळत असेल तर घरी काय करायचं ते प्रत्येक वेळी लिहून घ्यावं. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, चपात्या लाटताना मुलाशी बोलत राहणं आणि त्याला उत्तराची संधी देणं हा उपचाराचाच भाग आहे. मोबाइलवरची गाणी मुलाला गप्प बसवतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत.

औद्योगिक वसाहत आखताना पाणी किती लागेल, वीज किती लागेल, रस्ता किती पदरी हवा, याचा पंचवीस वर्षांचा अंदाज काढतात. त्या वसाहतीत राहणाऱ्यांच्या मुलांसाठी सहा वर्षांनी किती थेरपिस्ट लागतील, हा अंदाज काढायला त्याहून कमी कागद लागेल. तो काढला तर उत्तर पदव्युत्तर प्रवेशाच्या रांगेपाशीच येऊन थांबतं. या वर्षी त्या रांगेत मराठवाड्यातले किती विद्यार्थी आहेत आणि पैशावाचून त्यातले किती मागे फिरले, एवढं जरी जिल्ह्याच्या आरोग्य आणि शिक्षण यंत्रणेने मोजलं, तरी कामाला सुरुवात झाली असं म्हणता येईल.